सारवणावरची पावलं

आधीच सांगते, मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. भिलाईत, नेहरू नगरला, हायवेच्या कडेच्या एका कोचिंग क्लासमध्ये. भूत, भानामती, अंगात येणं, या सगळ्यावर मी आजवर एकच काम केलंय, सांगणाऱ्याची खिल्ली उडवायचं. भुताखेतांच्या या ग्रुपवरसुद्धा मी हसायलाच आले होते... खोटं कशाला बोलू. त्यामुळे आता कुणी माझ्यावर हसलं तर माझी तक्रार नाही. करावं तसं भरावं लागतंच.

आम्ही वैशाली नगरला राहतो. आई, मी, आणि सुट्टीवर आला की माझा लहान भाऊ प्रशांत. तो फौजेत आहे. बाबा स्टील प्लांटमध्ये होते, रिटायर होऊन दोन वर्षांत गेले. घर त्यांनीच बांधलेलं. फाटकापासून दारापर्यंत बारा-तेरा फूट मातीचं अंगण आहे, ते आईनं कधी सिमेंटचं होऊ दिलं नाही. फाटकाशी एक नळ होता. ड्युटीवरून आले की बाबांनी बूट तिथेच काढायचे, पाय धुवायचे आणि मगच आत यायचं, हा आईचा कायदा. दमून आलेला माणूस नळाखाली पाय चोळत उभा आणि आई दारातून बघतेय, हे मी लहानपणापासून पाहिलंय. बाबा गेल्यावर तो नळ सारखा गळायला लागला, तेव्हा मीच प्लंबर बोलावून काढून टाकला.

आणखी एक गोष्ट आधी सांगून ठेवते. बाबा गेले तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे दिव्यापाशी पीठ पसरून वर टोपली झाकली होती. सकाळी त्यात काही उमटलंय का ते बघतात. काहीच उमटलं नव्हतं. आई त्या पिठाकडे बघत म्हणाली, "साधं पाहालेही नाही आले." मी तिला म्हटलं, आई, ते पीठ आहे, कॅमेरा नाही. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आता प्रशांतच्या कोर्सबद्दल.

फौजेत कसले कसले कोर्स असतात याची आपल्याला कल्पना नसते. प्रशांत दोन वर्षं ज्याच्या मागे लागला होता तो होता माग काढण्याचा कोर्स. म्हणजे जंगलात माणूस कुठून गेला, किती वेळापूर्वी गेला, एकटा होता की चौघं होते, हे नुसत्या जमिनीवरून ओळखायचं. मी म्हटलं, अरे, ड्रोन आहेत, सॅटेलाइट आहेत, आणि तुम्ही पावलं मोजून राहिले? तो म्हणाला, "ताई, झाडाखाली ड्रोनले काही दिसत नाही. तू बोर्डावरचं शिकवते ना, मी जमिनीवरचं शिकून राहिलो."

पहिला टप्पा करून तो पंधरा दिवस घरी आला आणि त्यानं आमचं जगणं मुश्कील केलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची पावलं वाचायचा. "शेजारच्या काकू आल्या होत्या, घाईत होत्या." एकदा गॅसवाला येऊन गेल्यावर मला बाहेर ओढत नेलं. "पाहा, येतानाचे पाय आणि जातानाचे पाय. येताना सिलेंडर भरलेलं..." पुढे तो काहीतरी सांगत होता, पण तेवढ्यात क्लासमधून फोन आला आणि मी आत गेले. ते ऐकायचं राहिलं. लंगडणाऱ्याची चाल मात्र त्यानं मला नीट शिकवली, माझ्या चपलेत खडा टाकून. त्याची एक काठी होती, तिला दोन दोरे बांधलेले. एक पावलाच्या लांबीला, एक दोन पावलांमधल्या अंतराला. सरावासाठी त्यानं ती स्वतःच्याच पायांवर लावली होती. जाताना ती काठी दाराआड राहून गेली.

आमच्या घरात अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट मोठं. बाबांचं, प्रशांतचं, माझंही. आई म्हणायची, सासरच्याहिनं पायसुद्धा आपलेच दिले पोराहिले.

दुसऱ्या टप्प्यासाठी तो गेला ईशान्येकडच्या जंगलात. शेवटी चार दिवसांचा एकट्याचा सराव होता. फोन नाही, सोबत कुणी नाही. जाण्याआधी त्यानं फोन करून एका सुभेदारसाहेबांचा नंबर दिला. मी तो कॅलेंडरवर लिहिला. "जीवन-मरणाचा सवाल असन तरच लावजो ताई," तो म्हणाला. "सरावातून बोलावलं तं कोर्स गेला. दुसरा चान्स नाही भेटत."

त्याच्या सरावाच्या तिसऱ्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्या यायच्या होत्या.

सकाळी मी अंगण सारवलं. आईला शेणाचं सारवण जाडच लागतं, पातळ केलं तर ती म्हणते हे काय पाणी शिंपडलं का. मग मुठीनं लक्ष्मीची पावलं काढली, तांदळाच्या ओल्या पिठाची, फाटकापासून उंबरठ्यापर्यंत. फाटकाला आतून कडी लावली, कुणी तुडवू नये म्हणून. आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात. उद्याच्या नैवेद्याचं पुरण शिजत होतं, भाज्या चिरायच्या होत्या, दोन तास तरी मी बाहेर डोकावले नाही.

दुपारी दीडच्या सुमारास हळद-कुंकू घेऊन दारात आले आणि तिथेच थांबले.

माझ्या पांढऱ्या इवल्या पावलांच्या बाजूनं मोठ्या माणसाची पावलं होती. अनवाणी. ओल्या सारवणात खोल रुतलेली. फाटकापासून सरळ दाराकडे येणारी. उंबरठ्याच्या अलीकडे दोन्ही पाय शेजारी-शेजारी टेकलेले... आणि बस. परत जाणारी पावलं नव्हती. आत फरशीवर शेणाचा एक डाग नव्हता. फाटकाची कडी जशीच्या तशी होती.

भर दुपार होती. समोरच्या घरात टीव्ही चालू होता. पहिला विचार चोराचा आला, तो मी मुद्दाम धरून ठेवला. सगळ्या खोल्या पाहिल्या, पलंगाखाली पाहिलं. कुणी नव्हतं. मग परत येऊन पावलांजवळ बसले, तेव्हा बोटं दिसली. अंगठ्याशेजारचं मोठं.

काठी आणली. पावलाची लांबी लावली. काठीच्या टोकाला बोट, दोऱ्याला टाच. केसाचाही फरक नाही. दोन पावलांमधलं अंतर मात्र चार बोटं कमी होतं, प्रत्येक पावलाला. आखूड, जड, कष्टानं टाकलेली पावलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. हा प्रशांत आहे आणि त्याचा पाय दुखावलाय.

आई हात पुशीत बाहेर आली. तिनं पाहिलं, काठी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मी तिला सांगितलं ते असं. सुभेदारसाहेबांना फोन करता येईल, पण सांगणार काय? अंगणात पाय उमटलेत म्हणून? आणि खोटं कारण सांगून बोलावलं, आणि तो ठणठणीत निघाला, तर त्याची दोन वर्षं पाण्यात. जन्मभर तो मला माफ करणार नाही.

आई पावलांपाशी वाकून उभी राहिली. मग म्हणाली, "सांग, माय सिरियस आहे म्हणून."

"आई, आज सणाचा दिवस, काहीतरी अभद्र..."

"माह्या नावानं निघालं तं निघू दे. कोर्स पुन्हा भेटन का नाही मले माहीत नाही. पोरगं नाही भेटत पुन्हा. लाव फोन."

मी लावला. समोर पुरणाचे हात घेऊन आई उभी, आणि मी हिंदीत सांगतेय की मां की हालत बहुत खराब है. सुभेदारसाहेब शांतपणे म्हणाले, "मैडम, लड़का कल शाम तक जंगल में है. बुलाना ही है क्या?" खरं सांगते, मी फोन ठेवणारच होते. आईनं मान हलवली. मी म्हटलं, "बुलाइए."

संध्याकाळी महालक्ष्म्या बसल्या. 'सिरियस' असलेली आई नऊवारी नेसून ओवाळत होती. मी ताटं वाढत होते आणि दर पाच मिनिटांनी मोबाइल बघत होते. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वाटलं, माझं कुठे जमलंय. रात्रभर मला वाटत राहिलं की मी माझ्या भावाचं वाटोळं केलं. आणि दुसऱ्या क्षणी वाटायचं की केलेलंच बरं, केलेलंच असू दे, देवा, तो धडधाकट असू दे आणि मला शिव्या घालू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन आला. निरोप द्यायला माणसं गेली तर तो ठरल्या जागी नव्हता. अंधार पडेपर्यंत शोधला, पहाटे पुन्हा निघाले, तेव्हा सापडला. डावा घोटा मोडलेला, अंगात ताप, शुद्ध जेमतेम. आदल्या दिवसाच्याही आदल्या सकाळी तो नाल्यात पडला होता. पाण्याची बाटली संपलेली. सराव संपायची वाट पाहिली असती तर पाय राहिला नसता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. कदाचित तोही नसता, हे त्यांनी सांगितलं नाही, पण आम्हाला कळलं.

मी जमिनीवर बसून रडले. आई म्हणाली, "ऊठ, नैवेद्य राहिला."

महिन्याभरानं तो प्लास्टर घालून घरी आला. कोर्स गेला होताच. त्याबद्दल त्यानं मला एक शब्द विचारला नाही. मी मात्र शाबासकीच्या आशेनं त्याला अंगणात नेलं. महालक्ष्मीची पावलं विसर्जनापर्यंत पुसत नाहीत. पण आईनं त्यानंतरही दारापाशी, छज्ज्याखाली टेकलेली ती शेवटची दोन पावलं आणि त्याच्या आधीचं एक, तेवढा तुकडा कधीच सारवला नव्हता. त्यावर टोपली झाकून ठेवली होती. तीच, बाबांच्या वेळची.

प्रशांतनं टोपली काढली. कुबड्या बाजूला ठेवून खाली बसला. बराच वेळ बघत होता. बोट घालून खोली पाहिली, काठी लावली. मग म्हणाला, "ताई, हे तू लंगड्याचे समजली?"

"आखूड पावलं आहेत ना."

"लंगडा माणूस दुखऱ्या पायावर वजन टाकत नाही. इथं दोन्ही टाचा सारख्या खोल आहेत. पंजे बाहेर वळलेले." त्यानं काठी बाजूला ठेवली. "गॅसवाल्याचे पाय दाखवले होते मी तुले. भरलेलं सिलेंडर आणतानाचे. हा माणूस लंगडत नाही आहे ताई. हा कोणाले तरी उचलून आणून राहिला."

मग त्यानं जे सांगितलं ते त्यानं फोनवर कधीच सांगितलं नव्हतं. तो पडला नाल्यात. त्याची पाठपिशवी नाल्यातच सापडली. तो स्वतः सापडला वर, जीप जाते त्या रस्त्याच्या कडेला. मध्ये चांगलीच उभी चढण. वर कसा आला, त्याला आठवत नाही. तापात सरपटत आला असेल, असं सगळे म्हणाले. मीही आज तेच म्हणते. पण त्याच्या कोपरांना, गुडघ्यांना एक ओरखडा नव्हता. आणि माग काढण्यातच आयुष्य गेलेल्या त्याच्या उस्तादांना त्या चढणीवर सरपटल्याची एक खूण सापडली नाही.

"मोजमाप तं तुह्याच पायाचं आहे," मी म्हटलं.

"माह्या पायात कोणाचा बूट बरोबर बसते, ताई?"

बाबांचा. भरतीच्या तयारीला तो बाबांचेच जुने बूट घालून पळायचा.

आई केव्हा दारात येऊन उभी राहिली कळलं नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. मी वाट पाहत होते की आता ती रडेल, हात जोडेल. ती उंबरठ्याकडे बघत होती, जिथे ती दोन पावलं येऊन थांबली होती.

"आत नाही आले," ती म्हणाली. "पाय शेणानं भरलेले. आन् नळ आपण काढून टाकला."

या गोष्टीचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. पावलं वाचण्यात मी चुकले, आणि त्या चुकीमुळेच माझा भाऊ जिवंत आहे. बरोबर वाचली असती तर त्याचा पाय दुखावल्याचं मनातच आलं नसतं, आणि मी फोनच लावला नसता. हे मी वर्गात कुणाला सांगू शकत नाही. त्या दुपारी कडी लावल्यावर फाटकातून कोण आलं, मला अजून माहीत नाही, आणि फाटकाकडे पाठ करून बसायला मला अजूनही नको वाटतं.

एवढं मात्र केलं. त्याच आठवड्यात प्लंबरला बोलावून फाटकाशी नळ परत बसवून घेतला. पैसे द्यायला मी बाहेर गेले तर आई नळ उघडून बघत होती, पाणी बरोबर पायावर पडतं का ते.