मदरबोर्डाला पाणी

आमच्या घरचा कॉम्प्युटर गेला तो नळ आलेल्या दिवशी. त्या उन्हाळ्यात उदगीरमध्ये नळ कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसायचं. आला की गल्लीतल्या सगळ्या पाण्याच्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या. ट्यूबलाइट मलूल व्हायची, पंखा थांबायला यायचा आणि मध्येच दिवे डोळे दिपतील इतके पेटायचे. अशाच एका झटक्यात अक्कासमोरचा पडदा काळा झाला आणि कॉम्प्युटरच्या डब्यातून करपल्याचा वास आला.

अप्पा, म्हणजे आमचे वडील, उंबऱ्यावर तंबाखू मळत बसले होते. "जळालं? बरं झालं," ते म्हणाले. "हिला नवऱ्याचं घर टिकवता आलं न्हाई, मशीन काय टिकवती!"

अक्का माझी थोरली बहीण. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला आणून सोडली, ती आमच्याकडेच राहिली. डाळमिलवर डाळ निवडायला जायची. खडे टिपणारी तिची बोटं बघत राहावीत अशी चालायची. मोंढ्यात अप्पांनी पोती उचलली आणि मिलमध्ये अक्काने डाळ निवडली, त्यावर मी बी.एस्सी. झालो. घरातला पहिला पदवीधर. दोघांचंही माझ्यावर ऋण आहे, म्हणून अप्पांबद्दल लिहिताना हात जड होतो. पण ते बोलले ते असंच बोलले.

अक्काने बाहेरून दहावी केली होती आणि आता ती मराठी टायपिंगच्या परीक्षेला बसणार होती. क्लार्कच्या भरतीसाठी ते सर्टिफिकेट लागायचं. तिचं वय भरतीच्या मर्यादेला टेकलं होतं. ही परीक्षा हुकली तर पुढच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत ती मर्यादा ओलांडणार होती. म्हणजे जे काय व्हायचं ते याच खेपेला. त्यात उदगीर जिल्हा होणार अशी जोरात हवा होती. चहाच्या हॉटेलात लोकांनी कलेक्टर ऑफिस कुठं बांधायचं, एस.पी.चा बंगला कुठं, हे सगळं ठरवून टाकलं होतं. जिल्हा झाला की क्लार्क लागणारच. अप्पांचा जिल्ह्यावर पक्का विश्वास होता. अक्कावर नव्हता.

डबा उघडून पाहिला तर मदरबोर्डावरचे दोन कॅपेसिटर फुगले होते. गावातला दुकानदार म्हणाला, डबा सोडून सगळंच बदला. नव्या बोर्डाला तुमचा जुना प्रोसेसर बसणार नाही. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. त्याच्याकडे एक जुना बोर्डही होता, कुठल्या तरी ऑफिसच्या भंगारातून काढलेला, सगळ्यांत स्वस्त. त्याचेही कॅपेसिटर वरून किंचित उचललेले दिसत होते. मी वॉरंटी विचारली. "दुकानाच्या पायरीपर्यंत," तो म्हणाला.

मग मी घ्यायचो त्या शिकवणीला सुट्टी देऊन नांदेडला गेलो. आधी कागदावर काय हवं ते नीट ठरवलं होतं. बोर्ड असा हवा, की आमचा जुना प्रोसेसर त्याच्या सॉकेटात बसला पाहिजे, म्हणजे तो खर्च वाचेल. रॅम मात्र नव्या जातीची लागली तरी चालेल, कारण जुनी आता मिळतच नाही आणि पुढे वाढवता येणार नाही. रॅमच्या दोन खाचा हव्यात. कॅपेसिटर सपाट डोक्याचे, घट्ट हवेत. आणि मागच्या बाजूला कीबोर्डचं जुनं गोल भोक हवं.

नांदेडच्या दुकानदाराने मी सांगितला तसा बोर्ड काढला आणि शेवटची अट ऐकून हसला. "गुरुजी, लोकं प्रोसेसर बघतेत, रॅम बघतेत. तुम्ही कीबोर्डचं भोक बघून राहिलात! नवा कीबोर्ड घ्या की, वडापावच्या भावात येतंय."

"बहिणीचा हात त्याच कीबोर्डवर बसलाय. परीक्षा तोंडावर आहे."

"मग न्या हाच." त्याने बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यात घातला. "पण एक ऐका. तुमच्या तिकडं अर्थिंग हाय का? न्हाई तर हेबी जळंल. जळाल्यावर वॉरंटी न्हाई, आधीच सांगून राहिलो."

अर्थिंग होतं. आम्ही भाड्याने राहायचो त्या घरमालकाच्या अंगणात खड्डा खणून त्यात नळी पुरलेली, भोवती मीठ आणि कोळसा. बोर्ड बसवायच्या आधी वायरमनला बोलावलं. त्याने अर्थिंगवर बल्ब लावून पाहिला तर बल्ब विझत आलेल्या विडीएवढा लाल झाला.

"खड्डा कोरडा ठाक पडलाय," तो म्हणाला. "रोज तांब्याभर पाणी सोडा. ओल असली तरच करंट जमिनीत जाईल. न्हाई तर सगळं बोर्डावर."

लातूरला रेल्वेने पाणी आणत होते तो हा उन्हाळा. आमच्याकडे टँकर आला की बायका एकमेकींच्या घागरी ढकलायच्या. अशा दिवसांत जमिनीतल्या नळीला तांब्याभर पाणी घालायचं होतं. अक्का पाटावर बसून अंग पुसायची, ते पाणी घमेल्यात धरायची आणि सकाळी खड्ड्यात सोडायची. घरातल्या कुणाच्या वाट्याचा थेंब तिने घेतला नाही.

पण पाणी म्हणजे पाणी. मालकीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी हटकलं. "काय गं, तुळस वाळली माझी, अन् तू खड्ड्यात काय ओतून राहिलीस?"

"कॉम्प्युटरच्या मदरबोर्डासाठी हाय, मालकीणबाई. अंगाचंच पाणी हाय."

कॉलेजात जाणारा त्यांचा मुलगा ओसरीवर होता. "मदर म्हणजे आई, मम्मी," तो म्हणाला.

मालकीणबाई हसल्या. शेजारणीला हाक मारून म्हणाल्या, "ऐकलं का? आमच्या अक्काला लेकरू झालं. बोर्डाची आई झाली ती. रोज सकाळी पाजायला येती!"

एवढं पुरलं. गल्लीला त्या उन्हाळ्यात हसायला दुसरं काही नव्हतं. टँकरच्या रांगेत बायका अक्काला विचारायच्या, "लेकरू रांगायला लागलं का?" "कुणावर गेलंय, बापावर का?" एकदा अक्काच्या सासरकडची एक बाई बाजाराला आली होती, तिलाही कुणीतरी हे सांगितलं. ती पोट धरून हसली. आणि एके दिवशी जेवताना अप्पा म्हणाले, "वाढ मला आधी. लेकराला नंतर पाज."

अक्का भाकरी वाढत होती. तिने ती त्यांच्या ताटात नीट ठेवली. मी म्हणालो, "अप्पा, पुरे."

"कामून? सगळी गल्ली हसती, मीच काय पाप केलं? गरॅज्वेट झालास म्हणून बापाला शिकवू नको."

बोर्ड मात्र छान चालला. वायरमनने पुन्हा बल्ब लावून दाखवला, तो आता पिवळा पेटत होता. अक्काचा वेग वाढत होता. मी उतारा वाचायचो आणि कळा पत्र्यावर गारा पडाव्यात तशा वाजायच्या. वाचता वाचता मी थांबलो तर तीच ओरडायची, "वाच की रे, बोटं रिकामी हायेत!"

मग मालकीणबाईंनी खड्ड्यावर शहाबादी फरशी टाकली आणि तिच्यावर बाज मांडली. मी बोलायला गेलो. त्या म्हणाल्या, "जागा आमची, खड्डा आमचा. पटत न्हाई तर खोली बघा." त्यांचे यजमान दिवाणखान्यात टीव्ही बघत होते. त्यांनी आवाज वाढवला.

खड्डा वाळत गेला. आता डब्याला हात लागला की मुंग्या यायच्या. अक्का पायाखाली पाट घेऊन बसू लागली. नळ यायची वेळ कळली असती तर मशीन बंद ठेवता आलं असतं, पण नळाला वेळ नव्हती. परीक्षेचा आठवडा होता. ती टाइप करत असतानाच गल्लीत ओरडा झाला, "नळ आला! नळ आला!" अप्पा आतून कडाडले, "ऊठ की गं, का माझ्या मढ्यावर पाणी घालतानाच उठणार?" ती तशीच उठून घागर घेऊन धावली. मी शिकवणीवर होतो. मालकांची मोटार सुरू झाली, मग सगळ्यांच्या. ती घागर भरून आत आली तेव्हा पडदा काळा होता आणि तोच करपल्याचा वास येत होता.

मी घरी आलो तेव्हा ती त्याच काळ्या पडद्यासमोर बसून टाइप करत होती. "वाच," ती म्हणाली, "बोटं तरी चालू दे."

मी वाचत राहिलो. अप्पा भिंतीला टेकून बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "बघा, मेल्या लेकराला थोपटून राहिली."

अक्काची बोटं थांबली नाहीत. दुसरा बोर्ड घ्यायला पैसे नव्हते; परीक्षेला जाईपर्यंत रोज तिचा सराव असाच झाला.

परीक्षा लातूरला होती. ती बाहेर आली आणि आधी माझ्याकडची पाण्याची बाटली घेऊन तिने पूर्ण संपवली. मग म्हणाली, "एक बोट सरकतंय रे माझं. शेजारच्या कळेवर पडतंय. इतके दिवस कळलंच न्हाई. तिथं पडद्यावर बघितलं तेव्हा दिसलं. पुसत बसलं तर वेळ जातोय, न पुसलं तर चूक." काळ्या पडद्यासमोर लागलेली ती खोड, पडदा चालू असता तर घरीच पहिल्या दिवशी दिसली असती. बसमध्ये ती ते बोट दुसऱ्या हाताने दाबत बसली होती.

निकाल लागला तेव्हाही गल्लीत टँकरच येत होता. बाकी सगळ्यात पास, गतीच्या उताऱ्यात नापास. अप्पांनी विचारलं, मी सांगितलं. "मला ठाऊकच होतं," ते म्हणाले आणि तंबाखूची डबी शोधू लागले. जिल्ह्याचं काही झालं नाही. झाला असता तरी आता अक्काला त्याचा उपयोग नव्हता. ती पुन्हा रोज मिलवर जाऊ लागली.

त्याच आठवड्यात मालकीणबाई आमच्या दारात आल्या. हातात पेनाने लिहिलेला कागद होता. गल्लीला टँकर जास्त मिळावा म्हणून अर्ज द्यायचा होता, आणि ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं की टाइप करून आणा.

"अक्का, तेवढं टाइप करून दे गं," त्या गोडीने म्हणाल्या. "तुला काय, दोन मिनिटांचं काम. सगळ्या गल्लीच्या पाण्याचा सवाल हाय."

अक्का मिलवरून नुकतीच आली होती, हाताला डाळीची पूड होती. तिने कागद घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि परत त्यांच्या हातात दिला.

"जमणार न्हाई, मालकीणबाई," ती म्हणाली. "लेकरू तहानेनं मेलं."