दहाव्याचा कावळा

कावळा शिवत नव्हता. माझ्या लेकीचा दहावा. घाटावर पिंड ठेवून बराच वेळ झालेला आणि कावळे झाडावरून नुसते बघत होते. जावयाची आत्या म्हणाली, "पोरीत जीव अडकलाय तिचा. ही सारखी रडतेय, मग ती सुटणार कशी?" भटजींनी सगळ्यांना लांब मागे सारलं. तेवढ्यात माझी सात वर्षांची नात मागूनच ओरडली, "आई, मी आता नाही रडणार. तू जा."

आणि मेला कावळा आला.

"पोरीनं सोडवलं हो आईला!" आत्याबाईंनी जाहीर केलं.

तेव्हापासून पोर रडली नाही. गुडघा फुटला तरी ओठ चावून बसली. घास उतरेना. लोक म्हणत, किती समजूतदार!

शाळेतल्या बाईंनी आम्हाला कर्वेनगरला एका समुपदेशक बाईंकडे धाडलं. घरातलं माणूस गेलेल्या मुलांशी त्या बोलतात. मी म्हटलं, "बोलायला घरात मी आहे की. मुकी आहे का?"

"आपण काय सांगितलंत तिला?" त्यांनी विचारलं.

"देवाघरी गेली म्हणून."

"मेली म्हणा, आजी."

"आमच्यात मेली ही शिवी आहे."

"असू दे."

नातीनं त्यांच्याकडे मातीचा कावळा केला होता. आपण रडलो तर आई परत अडकेल, असं ती त्यांना म्हणाली होती. बाई मला म्हणाल्या, "हे तुम्हीच काढा तिच्या मनातून. घाटावर तुम्ही होता, मी नव्हते."

दुसऱ्या दिवशी गॅलरीच्या कठड्यावर भात ठेवला आणि नातीला घेऊन शेजारी उभी राहिले. कावळा समोरच्या तारेवर बसून राहिला. आत जाऊन दार लोटलं, तर लगेच आला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच.

नात म्हणाली, "घाटावर पण भटजींनी सगळ्यांना मागे ढकललं होतं."

"हो. तू गप्प बसली असतीस तरी आला असता. भूक लागली होती त्याला."

"मग आई?"

"आई दवाखान्यातच मेली. कुठं अडकली नव्हती. तू रडलीस तरी तिला काही होत नाही."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू काय धरून बसलीस ते मला काय ठाऊक!"

मग तिनं असा टाहो फोडला की शेजारीण धावत आली. "काय झालं हो?"

"पोर रडतेय. रडू द्या." मी दार लावून घेतलं. मीही तेव्हाच रडले. दहाव्याला सवड नव्हती.

लेक मेली. नात आणि मी जगलो.