घोंगड्याचं दुसरं टोक

कार्तिक वद्य पंचमी. नव्या घोंगड्यासाठी चिंचोक्याची खळ शिजते आहे. कुंभारी गावातल्या त्या संध्याकाळीही हाच वास होता.

पलटणीत नाव लागलेल्या आमच्या मालकांना गावाने सकाळी हार घालून सोलापूर स्टेशनावर पोचवलं होतं. "कवायत सुरू झाल्यावर सुटका नाही, परतायचं तर आत्ताच," असं हवालदार म्हणाला आणि हे परतले. दारात खाली मान घालून उभे राहिले.

सासूबाई म्हणाल्या, "आलास व्हय? बरं झालं. खळ द्यायला ही एकटी घोंगडं कसं ताणंल? धर की त्ये टोक."

म्हातारीला कामाशिवाय काही सुचत नाही, असं तेव्हा वाटलं. त्यांनी लेकाची मान वर ठेवली, हे आज कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर कुणी विचारायच्या आत मीच सांगितलं, "आमचं मालक परत आलं. खळ द्यायला दोन माणसं लागत्यात की."