त्याचं अक्षर चांगलं आहे

आमच्यात आत्मविश्वास कमी आहे हे शाळेच्या लक्षात आलं, तेव्हा मी नववीत होतो. तोवर तो कमी करण्याचं काम शाळेनंच मन लावून केलं होतं. चाचणीचे पेपर गुणांच्या उतरत्या क्रमानं वाटले जात आणि शेवटचे काही हातात न देता फेकले जात. आता मात्र आत्मविश्वास वाढवायचं ठरलं. त्यासाठी एका रविवारी सभागृहात सक्तीचं शिबिर ठेवलं. जो येणार नाही त्याच्या वडिलांना बोलावून घेणार होते.

शिबिर घ्यायला ठाण्याहून एक सफारीवाले सर येणार होते. त्यांचा खेळ दुसऱ्या तुकडीतल्या मुलांकडून आधीच कळला होता. एकेकानं पुढे उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्याचा एक चांगला गुण सांगायचा. अभ्यासात मी मधला, खेळात बारावा गडी. मी उभा राहिलो आणि कुणीच तोंड उघडलं नाही तर?

म्हणून शेजारी बसणाऱ्या मित्राशी मी सौदा केला. तो डोंबिवली पश्चिमेचा, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. फेकल्या जाणाऱ्या पेपरांत एक त्याचा असायचाच.

"तू माझ्यासाठी बोल, मी तुझ्यासाठी बोलतो."

"काय बोलू?"

"प्रामाणिक आहे म्हण. कधी खोटं बोलत नाही म्हण."

लबाडी ठरवताना नेमका हाच गुण मला का सुचला, देव जाणे.

"आणि माझं काय बोलशील?"

ते सोपं होतं. विसर्जनाला आमची अख्खी कॉलनी काठावर चपला सांभाळत उभी राहायची आणि आमचे गणपती गळ्याएवढ्या पाण्यात न्यायचा तो. मागच्या वर्षी गाळात रुतलेल्या आमच्या एका काकांना त्यानंच ओढून बाहेर काढलं होतं. त्या दिवशी त्याच्या आईनं मला घरी नेऊन भाकरी आणि सुकटाची चटणी वाढली होती. मी मागून मागून खाल्ली आणि आमच्या शाकाहारी घरी त्याचा पत्ता लागू दिला नाही.

"तेच सांगेन," मी म्हटलं.

"नको रे." मग म्हणाला, "बरं, सांग."

रविवारी सरांनी आधी आमच्याकडून 'मी अमूल्य आहे' असं ओरडून घेतलं. जे हळू ओरडले त्यांना बाहेर उभं केलं. मग खेळ सुरू झाला.

माझी पाळी आली. सभागृहात नुसता पंख्यांचा आवाज. मग मित्र उठला.

"हा कधी खोटं बोलत नाय," तो म्हणाला. ठरलेलं एवढंच होतं. पण तो मनापासून बोलायला लागला. "आमच्या घरी येतो. सुकट पण खातो. नाक नाय मुरडत."

"अरे, म्हणून वास येतो होय याला!" मागून कुणीतरी ओरडलं. मुली तोंडावर रुमाल धरून हसल्या. सर म्हणाले, "टाळ्या!" टाळ्याही पडल्या, पण माझे कान तापले होते.

पुढे त्याची पाळी. पुन्हा शांतता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. खाडी, गाळ, काका, सगळं ओठांवर होतं. पण खाडीचं नाव काढलं की परत सुकट निघणार.

"याचं," मी म्हणालो, "याचं अक्षर चांगलं आहे."

सभागृह फुटलं. कारण त्याच्या अक्षराला शिक्षकही कोंबडीचे पाय म्हणत. मघाशी मला हसणारे आता माझ्या विनोदावर हसत होते. मला इतकं बरं आयुष्यात क्वचितच वाटलं असेल. शिबिराचा हेतू सफल झाला.

परत जाताना तो माझ्याबरोबरच निघाला. आता मारणार, असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"खरंच चांगलं आहे का रे?" त्यानं विचारलं.

तो चेष्टा करत नव्हता.

"हो," प्रामाणिक मुलगा म्हणाला.

"मना आजवर कोण बोललंच नाय."

सोमवारपासून तो अक्षर काढू लागला. जीभ दातांत धरून, एकेक काना पट्टीसारखा सरळ. फळ्यावरचं पुसलं जायचं तरी याचं पहिलं वाक्य चालूच. अनेकदा वाटलं, सांगून टाकावं. पण काय सांगायचं? की तुझ्यात गुण होता, तो मी लाजेनं गिळला, आणि नव्हता तो दिला? सहामाहीत शेवटची घंटा झाली तेव्हा तो तिसऱ्या प्रश्नावर होता.

पेपर वाटले गेले. या वेळी सगळ्यांत शेवटचा त्याचाच. बाईंनी तो फेकला. त्यानं उचलला, शर्टाला पुसला आणि हसत माझ्या बाकाशी आला.

"बघ."

वर लाल शाईत लिहिलं होतं, 'अक्षर सुंदर.' पुढचं 'पेपर अपूर्ण' त्यानं अंगठ्याखाली झाकलं होतं. पण ते मला दिसलं.

"तूच पयला बोललेलास," तो म्हणाला.