शेवटचा डबा जाईपर्यंत

आमच्या शाळेतली मुलं हेडमास्तरांना घाबरत नाहीत, मला तर मुळीच नाही. पण फाटकआजींपुढे सगळी गोगलगाय व्हायची, आणि जीवही त्यांच्यावरच टाकायची.

आजींची उभी हयात रेल्वे फाटकावर गेली. त्या निवृत्त झाल्या, फाटक बंद झालं, तिथे भिंत उभी राहिली. नवरा आधीच गेलेला. मुलगा दूरच्या शहरात. 'जेवलीस का' एवढं फोनवर विचारलं की तो मोकळा. त्याच्याकडे राहायला जायचं, तर आजींना म्हणे गाडीच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही. म्हणून जुन्या फाटकाजवळच त्यांनी एक खोली घेतली. मागचं दार उघडलं की समोर दोन मार्गांचे रूळ, रुळांपलीकडे भिंत आणि भिंतीमागे आमची शाळा. शाळेतून त्यांच्याकडे जायला पादचारी पुलाचा मोठा वळसा पडतो. भिंतीला मात्र लोकांनी भगदाड पाडलंय. ते बुजवायचं कुणी, यावर टोलवाटोलवी अजून चालू आहे.

दर शनिवारी आजी पूल चढून धापा टाकत शाळेत यायच्या. मैदानावर खडूने रूळ आखायच्या. थांबा, ऐका, दोन्हीकडे बघा. गाडी लांब दिसली तरी लांब नसते. कानात वायरी घालून चालणाऱ्याची अशी नक्कल करायच्या की मुलं हसून लोळायची. कुणाचा पाय चुकून खडूच्या रुळावर पडला, की मात्र सगळं मैदान दचकेल असा आवाज यायचा, "मागे!"

तास संपला तरी त्यांचा पाय निघायचा नाही. खडूचे तुकडे वेचत रेंगाळायच्या. रिकाम्या खोलीत परत जायचं त्यांच्या जिवावर यायचं, हे मला दिसत होतं. एकदा जाता जाता मुलांना म्हणाल्या, "या की रे माझ्या घरी. बिस्किटं आणून ठेवते."

त्या रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. टेबलावर बिस्किटांचा भरलेला डबा, शेजारी धुऊन पालथे घातलेले पेले. "मुलं आलीच तर," आजी म्हणाल्या आणि स्वतःच लाजल्या. तेवढ्यात गाडीचा आवाज आला. हातातला कप ठेवून त्या मागच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. फाटकावरची ही सवय. गाडीकडे तोंड करून उभं राहायचं, कुठे ठिणगी उडतेय का, काही लोंबतंय का ते बघत, शेवटचा डबा जाईपर्यंत. आता हातात झेंडा नव्हता, कुणी ड्रायव्हर हातही करत नव्हता. तरी त्या उभ्या.

गाडी सरकली आणि पलीकडे भगदाडापाशी माझ्या वर्गातली चार मुलं दिसली. अंगात ठेवणीतले कपडे. शहाण्यासारखी थांबली होती, कान देऊन ऐकत होती, दोन्हीकडे बघत होती. मग पुढची मुलगी रुळात उतरली. दुसऱ्या मार्गावरून येणारी गाडी तिला दिसलीच नाही, कारण नुकतीच पुढे गेलेली गाडी त्या बाजूला अजून आड होती.

"मागे!"

एवढं ओरडून होतंय तोच मध्ये नुसते डबे आले. पोरगी मागे फिरली की नाही, कळायला मार्ग नव्हता. आजींनी चौकट घट्ट धरली होती आणि त्या एकेका डब्याकडे बघत होत्या.

शेवटचा डबा गेला. चारही मुलं भिंतीला चिकटून उभी होती.

"आजी, आम्ही थांबलो होतो!" मुलगी रडत ओरडली. "तुम्ही सांगितलं तसंच केलं! तुमच्याच घरी येत होतो!"

"कुणी बोलावलं तुम्हाला?" आजी कडाडल्या. "माझ्या घरी कुणी आलेलं मला खपत नाही. निघा! पुन्हा इकडे फिरकलात तर याद राखा!"

मुलं तोंड पाडून भगदाडातून परत गेली. आजींनी दाराला कडी घातली आणि मटकन खाली बसल्या.

"मी आणते ना त्यांना पुलावरून," मी म्हटलं.

"तुम्ही एकदा आणाल, बाई. पुढच्या वेळी ती आपली आपण येतील. मुलं ती, जवळचीच वाट धरणार." मग उठून त्यांनी पेले फळीवर चढवून ठेवले.

शनिवारचा तास अजून होतो. रूळ ओलांडायचे ते पुलावरूनच, हे आजी आता सगळ्यात आधी बजावतात. नक्कल करत नाहीत. मुलं घाबरून ऐकतात आणि तास संपला की पांगतात. परवा जाताना त्यांनी तो बिस्किटांचा डबा माझ्या हातात दिला.

"वर्गात वाटून टाका."

"तुम्हीच वाटा ना, आजी."

"नको. कुणी दिली तेही सांगू नका," त्या पुलाकडे वळत म्हणाल्या. "नाहीतर परत येतील."