आमच्या द्राक्षवेलीचं स्थळ

आमच्या द्राक्षवेलीचं लग्न जून महिन्यात, स्लाऊ मुक्कामी, ढवळेकाकांच्या मागच्या अंगणात पार पडलं. वधूपक्षाकडून मी, माझी बायको मुग्धा आणि आई असे तिघं हजर होतो. नवरदेव जमिनीतच होता.

दोष माझा. आई इंग्लंडला, आमच्या मिल्टन कीन्सच्या घरी यायला तयार होईना, तेव्हा मी फोनवर बोलून गेलो, "तू ये तर! गणपतीला घरच्या द्राक्षांचा नैवेद्य दाखवू!" (आई नाशिकची. नाशिकच्या बाईला द्राक्षांचं आमिष दाखवणारा जगात मी एकटाच असेन.) आई गल्लीभर सांगून विमानात बसली.

आता द्राक्षं दाखवणं आलं! घरामागच्या काचेच्या खोलीत माझी मस्कॅडाइनची वेल कुंडीत उभी होती. मस्कॅडाइन म्हणजे जाड सालीचं अमेरिकन द्राक्ष. वेल अंगाने भरलेली, दरवर्षी फुलायची, पण तीन वर्षांत द्राक्ष एक नाही!

"ब्रेड मशीन झालं, गिटार झाली, आता ही," मुग्धा म्हणाली. "तुझ्या हातून एक तरी गोष्ट पूर्ण झालीय का रे?"

हे मला लागलं. मी इंटरनेट उपसलं. त्यात सापडलं की मस्कॅडाइनच्या काही जाती नुसत्या मादी असतात. शेजारी परागवाली दुसरी वेल नसेल, तर फळ धरत नाही.

"म्हणजे हिचं लग्न राहिलंय!" आई कडाडली. "आणि तू तीन वर्षं नुसतं पाणी घालत बसलास?"

आईने इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्थळं बघायला घेतली. तिसऱ्या दिवशी स्लाऊचे ढवळेकाका सापडले. रिटायर्ड बस ड्रायव्हर, ग्रीनहाउसमध्ये पंधरा फुटी मस्कॅडाइन, भरपूर पराग.

"त्यांना म्हणावं, बघायला या. पोहे टाकते."

"आई, नवरदेव जमिनीत लावलाय. तो कसा येणार?"

"मग आपण मुलगी उचलून त्यांच्या दारात न्यायची? काही रीतभात?"

"चार दिवसांत फुलं गळतील!"

आई नरमली. मुलीचं वय निघून चाललेलं तिला बघवेना.

शनिवारी सकाळी वेल गाडीत बसली. कुंडी मागच्या सीटवर सीटबेल्टमध्ये, दोन बाजूंना आई आणि मुग्धा, शेंडा सनरूफमधून बाहेर. आमच्या घरापासून मोटरवेपर्यंत अकरा राउंडअबाउट, म्हणजे गाडीने गोल वळसा घालायचे चौक आहेत! प्रत्येक राउंडअबाउटला वेल आधी आईच्या अंगावर जायची, मग मुग्धाच्या.

"हळू चालव, मेल्या! मुलगी गदगदा हलतेय!"

"आई, वीसने चालवतोय! मागचे हॉर्न मारतायत!"

"मारू देत. त्यांच्या घरचं लग्न नाहीये!"

स्लाऊला ढवळेकाका रंगाचा ब्रश घेऊन दारातच उभे. "फुलाला फूल लावू. पाच मिनिटांचं काम."

"पाच मिनिटांत? रजिस्टर लग्न आहे का हे?" म्हणत आईने पर्समधून हळद, कुंकू आणि अक्षता काढल्या. मुग्धाच्या स्कार्फचा अंतरपाट झाला. काकांनी एक टोक धरलं, मी दुसरं. आई खणखणीत आवाजात मंगलाष्टकं म्हणू लागली, तेव्हा कुंपणावरून शेजारचा गोरा डोकावला.

"ऑल राइट देअर?"

"वेडिंग!" मी ओरडलो.

"लव्हली," तो म्हणाला आणि टोपी काढून अक्षता पडेपर्यंत उभा राहिला.

जुलैत वेलीला द्राक्षं धरली! चांगली चाळीस! मी छाती काढून घरभर फिरू लागलो. गणपतीपर्यंत त्यातली अकरा पिकली, नैवेद्य झाला, आईने नाशिकला फोटो पाठवले. मुग्धासुद्धा "मानलं तुला" म्हणाली. (हे आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच.)

मग दर्शनाला ढवळेकाका आले. व्याही म्हणून त्यांना आधी सुनेकडे नेलं. काकांनी वाकून कुंडीवरच्या लेबलची माती पुसली.

"हेमंत, हे कधी वाचलंस का?"

मी वाचलं. ही जात सेल्फ-फर्टाइल आहे. जोडीदाराची गरज नाही. बंद जागेत ठेवल्यास फुलं आल्यावर वेल फक्त नीट हलवावी.

आम्हा तिघांच्या डोळ्यांसमोर अकरा राउंडअबाउट उभे राहिले.

"म्हणजे..." आईचा आवाज खोल गेला, "लग्नाला जाता जाता, गाडीतच?"

काका छताकडे बघू लागले.

"ढवळे, हे बाहेर बोलू नका," आई म्हणाली.

मुग्धा मात्र माझ्याकडे बघत होती. "आई, तुम्ही मला बघायला आला होतात, तेव्हा म्हणाला होतात ना, आमचा हेमंत हातात घेतलेलं काम तडीस नेतो?"

"नेतो ना," आई म्हणाली. "फक्त गदगदा हलवावं लागतं. तेवढं तुला सांगायचं राहिलं बघ!"