जावयासाठी शोधलेली नोकरी

चहा घ्या, तोवर माझी फजिती ऐका. भाचीचं जमलेलं लग्न मी एकट्याने, कुणाचीही मदत न घेता, मोडत आणलं होतं!

भाची अश्विनी. मुलगा परळीचा, विशाल. समुद्रातून तेल काढतात ना, तिथल्या फलाटावर कामाला. पगार ऐकून माझी धाकटी बहीण सुमन देवाला नारळ फोडून आली.

सुपारी फुटायच्या आधी मी परळीला गेलतो. ऊसतोडीचा हंगाम संपला की मी मोकळाच. बघतो तर विशाल भरदुपारी चहाच्या टपरीवर! पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, तर हा म्हैस धुतोय.

"कावून रे, कामावर न्हाई?"

"आमचं असंच असतंय मामा. पंधरा दिवस पाण्यावर, पंधरा दिवस घरी."

"अन् घरच्या दिवसांचा पगार?"

"मिळतो की!"

मिळतो म्हणे! अहो, तोडीच्या टोळीची हजेरी घेण्यात माझा जन्म गेला. माणूस फडात दिसला नाही की खाडा, पैसे कापले! आणि हा म्हैस धुणार, अन् तेलवाले पगार देणार? माझी खात्रीच पटली. पोराची नोकरी गेलीय, सांगायला लाजतोय.

झालं! मला घरात बसवेना. जेवता जेवता उठायचो, अंगणात फेऱ्या मारायचो. सुमनला सांगावं तर ती अंथरूण धरेल. न सांगावं तर पोरीचं वाटोळं! शेवटी उपाय सुचला. परळीत राखेच्या विटांचा कारखाना असलेला एक ओळखीचा आहे. त्याच्याकडे देखरेखीची जागा पक्की केली.

"पोरगा कष्टाळू हाय का?" त्याने विचारलं.

"लई! म्हैस काय धुतो!"

सुपारीच्या दिवशी पाहुणे आले, बसले. मला कुठला धीर निघतोय?

"पाहुणे," मी विशालच्या वडिलांना म्हणालो, "जावयाची काळजी सोडा. सोमवारपासून विटांच्या कारखान्यात!"

"कोण?"

"विशाल. घरी बसून हाय ना! म्या डोळ्यानं बघितलं."

त्यांनी कप खाली ठेवला. "आमचा पोरगा रिकामटेकडा? उठा रे सगळे!"

सगळे चपला शोधू लागले. सुमनने कपाळाला हात लावला. आणि मी काय करावं? "चिडू नका, दुपारचं जेवणबी हाय तिथं!"

तेवढ्यात अश्विनी आतून आली. "मामा, थांबा! हे आधी कंत्राटावर होते, तवा फक्त पाण्यावरच्या दिवसांचे पैसे मिळायचे. आता कायम झालेत. तिथं बारा-बारा तास काम, रविवार न्हाई की सण न्हाई. म्हणून घरच्या दिवसांचाबी पगार मिळतो. पाण्यावर असले की भत्ता वेगळा."

लग्नाआधीच 'हे'! बायकांमध्ये खसखस पिकली.

"तुला गं एवढं कसं माहीत?" मी विचारलं.

ती आत पळाली. विशाल एक चप्पल हातात धरून जमिनीकडे बघत उभा. त्याच्या वडिलांनाही हसू आवरेना. मंडळी पुन्हा बसली आणि एकदाची सुपारी फुटली.

मग विशालचे वडील माझ्याकडे वळले. "मामा, आमच्या पोराला घरी बसायचे पैसे मिळतात. हंगाम नसला की तुमाला काय मिळतं?"

उत्तर सुमननेच दिलं.

"दादा, विटांची ती जागा अजून मोकळीच हाय ना?"